आपलं पाणी जातं ती मुंबई एकदा बघू या



आज आम्ही फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहोत. फिरायला, आणि तेही मुंबईला. ऐकून काही जणी हसतील. म्हणतील, मुंबई काय बघायची, आम्ही पाहिलीय. पण जरा आठवून बघा, कशासाठी गेलो होतो आपण? सासऱ्यांना टाटा हॉस्पिटलात दाखवायला. केईएमला पोराचं ऑपरेशन होतं म्हणून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरला आपट्याची पानं आणि भाताच्या लोंब्या विकायला. नाहीतर मोर्चाला, आझाद मैदानावर. डोक्यावर गाठोडं, पोटात काळजी आणि डोळे गाडीच्या वेळेकडे. अशा वेळी शहर दिसत नाही, फक्त गर्दी दिसते.

लांबून, अगदी परदेशातून माणसं पैसे मोजून मुंबई बघायला येतात. आपण दोन-अडीच तासांवर राहतो, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींनी गेटवे ऑफ इंडिया फक्त कॅलेंडरवर पाहिलेला असतो. म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही सांगणार आहोत, की दहा-बारा जणींनी मिळून मुंबईला एक दिवस कसं जावं, काय बघावं, कमी पैशात कसं भागवावं. आणि बघताना एक गोष्ट मनाशी ठेवावी. आपण त्या शहरात परक्या नाही. त्या शहरात आपल्या तालुक्यांचं पाणी आहे, घाम आहे, आणि रक्तसुद्धा आहे. कसं ते वाटेवर सांगतो.

कधी जायचं

आवणीच्या दिवसांत जाणं शक्य नाही, आणि भर पावसात जाऊही नये. पाणी तुंबलं की लोकल बंद पडतात. भाताची कापणी-झोडणी उरकली, दिवाळी झाली, की होळीपर्यंतचे दिवस चांगले. हवा थंड असते, चालवतं. वीटभट्टीवर जाणाऱ्या मैत्रिणींनी गट सोडून जाण्याआधीचा दिवस धरावा, म्हणजे त्याही येतील.

वार कोणता? रविवार टाळा. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी होतात, उशिरा धावतात. राणीचा बाग बुधवारी बंद असतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. शनिवार बरा, कारण बऱ्याच कचेऱ्यांना सुट्टी असते आणि गाडीत जरा श्वास घेता येतो.

गाडीचं गणित

शहापूरकडच्या मैत्रिणींना आसनगाव स्टेशन जवळ. खर्डी, आटगाव, वाशिंद, कसारा ज्यांना जवळ पडेल तिथून त्यांनी चढावं. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा तिकडच्या मैत्रिणींनी एसटीने कल्याण गाठावं. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजींना प्रवास मोफत आहे. आजींनी आधार कार्ड जवळ ठेवावं.

लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढा. आजच्या दराने कसाऱ्याहून मुंबईपर्यंतसुद्धा एका वेळेचे पन्नास रुपयेही लागत नाहीत. मात्र दोन गोष्टी सांभाळा. एसी लोकलचं तिकीट वेगळं आणि महाग असतं, साध्या तिकिटावर तिच्यात चढू नका. आणि बायकांच्या डब्यांतही पहिला वर्ग वेगळा असतो. बाईचं चित्र दिसलं म्हणून घाईने चढायचं नाही. चढण्याआधी आतल्या बाईला विचारा, ‘हा सेकंड क्लास ना?’ एका शब्दाने दंड वाचतो.

पहाटेची गाडी पकडा. सहाच्या सुमारास निघालात तर साडेआठच्या आसपास मुंबईला पोचाल. आसनगावला बसायला जागा मिळते. कल्याणनंतर गर्दी वाढते, पण आपण बसलेल्या असतो. मुरबाडच्या मैत्रिणींनी कल्याणहूनच सुटणारी गाडी धरावी.

परतीचं गणित जास्त महत्त्वाचं. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात गाडीत पाय ठेवायला जागा नसते. एकतर चारच्या सुमाराची गाडी धरा, नाहीतर साडेआठनंतरची. आणि चढायचं ते गाडी सुटते तिथूनच, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, ज्याला आपण अजून व्हीटी म्हणतो. दादरला चढायचा प्रयत्न गटाने करू नये. चार चढतात, आठ राहतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. कल्याणच्या पुढे रूळ दोन वाटांना फुटतात. एक वाट आपली, कसाऱ्याची. दुसरी कर्जतची. चुकीच्या गाडीत झोप लागली तर जाग येईल ती नेरळला. फलाटावरच्या पाटीवर कसाऱ्याच्या गाडीला इंग्रजीत ‘एन’ असं अक्षर असतं, कर्जतच्या गाडीला ‘एस’. आसनगावच्या गाडीला ‘ए’ आणि ‘एन’ अशी दोन अक्षरं. टिटवाळ्याची गाडी टिटवाळ्यालाच थांबते, पुढे आपल्याकडे येत नाही. ज्या मैत्रिणींना अक्षर लागत नाही, त्यांनी गटातल्या शिकलेल्या मुलीकडून ही अक्षरं एकदा कागदावर काढून घ्यावीत आणि तो कागद बटव्यात ठेवावा.

गाडीत बसल्या बसल्या

आपण ज्या रुळांवरून जातो त्यांची गोष्ट पोरींना सांगा. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आली. एकवीस मैलांचा प्रवास. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८५५ मध्ये वाशिंदला, आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. तिथं घाट आडवा आला. तो फोडून इगतपुरीला जायला १८६५ उजाडलं. म्हणजे मुंबईची गाडी आपल्या भागात येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली.

उतरल्यावर पहिली नजर वर

व्हीटीला उतरल्यावर आधी स्वच्छतागृहात जाऊन या. नंतर कुठं मिळेल सांगता येत नाही. गाडी इथंच संपते, म्हणून फलाटावरून बाहेर यायला जिना चढावा लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या मावशींना एवढं तरी सुख.

बाहेर या, रस्ता ओलांडून पलीकडे उभ्या राहा आणि मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज वास्तुकाराने ही इमारत रेखली. काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं, वेली शोधा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. आता अगदी वर, घुमटाच्या टोकावर बघा. तिथं एक बाई उभी आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. तिचं नाव प्रगती. एवढ्या मोठ्या स्टेशनच्या शेंड्यावर बाई उभी आहे, हे रोज खालून जाणाऱ्या लाखो लोकांना ठाऊक नसतं. तुम्ही मात्र बघून या.

स्टेशनसमोरची दुसरी भव्य इमारत मुंबई महानगरपालिकेची. तीही स्टीव्हन्स यांनीच रेखली, १८९३ मध्ये पुरी झाली. इथं आपण जरा जास्त वेळ उभं राहू. कारण मुंबईचं पाणी हीच महापालिका आणते, आणि ते येतं आपल्याकडून.

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं. विहार आणि तुळशी हे दोन मुंबईतच आहेत, पण लहान. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे ही इमारत पुरी होण्याच्या आदल्या वर्षीचं. वैतरणेवरचा मोडक सागर १९५७ चा. मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. यातली तानसा आणि भातसा आपल्या शहापूर तालुक्यात, आणि वैतरणेवरची धरणं आपल्या आजूबाजूलाच. एकट्या भातसा धरणातून मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी येतं. मुरबाडच्या मैत्रिणींनो, तुमच्या बाजूच्या बारवी धरणाचं पाणी मुंबईला येत नाही, पण कल्याण-डोंबिवलीकडच्या शहरांना आणि कारखान्यांना तेच जातं. आणि आपल्याकडे? एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकर. धरणाच्या भिंतीजवळच्या वाडीतली बाई दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर घेऊन चढ चढते.

हे आम्ही रागाने सांगत नाही. मुंबईतही आपलीच माणसं राहतात, त्यांनाही तहान आहे. पण ही इमारत बघताना आपल्याला ठाऊक असावं, की आपण इथं देणाऱ्या म्हणून उभ्या आहोत.

पायी पायी गेटवेपर्यंत

इथून गेटवेपर्यंत सरळ गेलं तर तीनेक किलोमीटर. म्हशाच्या जत्रेत आपण याहून जास्त चालतो. सावकाश चला.

महापालिकेच्या पुढेच आझाद मैदान. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी-आदिवासींचा मोर्चा पायी निघाला, कसारा घाट उतरला, आपल्या तालुक्यातून गेला आणि १२ मार्चला या मैदानावर पोचला. तेव्हा कितीतरी बायांचे पाय फोडांनी भरले होते. त्याच रस्त्यावर कामा रुग्णालय आहे. बायका आणि मुलांसाठीचं हे रुग्णालय १८८६ चं. पुरुष डॉक्टरला दाखवायला बायका तयार नसत, दुखणं अंगावर काढत, म्हणून पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून ते उभं राहिलं आणि इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्याची सुरुवातीची धुरा वाहिली.

तिथून पंधरा मिनिटांवर हुतात्मा चौक. इथं दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक जुनं कारंजं, १८६४ चं, फ्लोरा म्हणजे फुलांच्या रोमन देवीचं. दुसरं हुतात्मा स्मारक. मराठी माणसांचं राज्य व्हावं आणि मुंबई त्यात असावी म्हणून चळवळ झाली, तेव्हा २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथं गोळीबार झाला. त्या सगळ्या चळवळीत शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठं १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. स्मारकावर मशाल धरलेली दोन माणसं आहेत. एक कामगार आणि एक शेतकरी. मुंबईच्या मधोमध शेतकरी उभा आहे, तो असा.

चौकातून समुद्राच्या दिशेने थोडं गेलं की ओव्हल मैदान. तिथून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर छान दिसतो. उंची सुमारे २८० फूट, १८७८ मध्ये बांधून झाला. पैसे दिले ते व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. राजाबाई ही त्यांची आई. असं सांगतात, की ती माउली डोळ्यांनी अधू होती, जैन धर्माप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवायची, आणि या घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळायची. राजे-राण्यांच्या नावांनी भरलेल्या त्या शहरात एका साध्या आईचं नाव सगळ्यात उंच मनोऱ्याला मिळालं होतं.

पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घुमटाची सुंदर इमारत आहे, १९२२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. आत जुन्या मूर्ती, चित्रं, शस्त्रं आहेत. तिकीट लागतं आणि बघायला दोन-तीन तास सहज जातात, म्हणून एका दिवसाच्या फेरीत बाहेरूनच बघा. शाळेत जाणाऱ्या मुली सोबत असतील तर मात्र हे संग्रहालय वेगळा दिवस काढून दाखवावं, असं आमचं म्हणणं.

मग गेटवे ऑफ इंडिया. याला तिकीट नाही. आत जाताना पिशव्या तपासतात, म्हणून कांदा चिरायची सुरी किंवा कोयती घरी ठेवून या. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले, त्याची ही आठवण. गंमत अशी, की राजा आला तेव्हा ही दगडी कमान नव्हतीच. बांधून झाली १९२४ मध्ये. आणि पुढे चोवीसच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, इंग्रजांची शेवटची फौज याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. ज्या दारातून राजाचा मान करायचा तेच त्यांचं जायचं दार झालं. समोरच घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, १९६१ मध्ये बसवलेला. महाराजांची नजर त्या दाराकडे आहे.

इथून घारापुरीच्या लेण्यांना बोट जाते. जायलाच तासभर लागतो, वर पायऱ्या आहेत. तो एक स्वतंत्र दिवस.

टाकीवरचा बाग

दुपारची भाकरी कुठं सोडायची? आम्ही म्हणू, मलबार हिलवर. एरवी तिथं मोठी माणसं राहतात, पण बाग सगळ्यांना मोकळा आहे. बेस्टच्या बसने जा. कंडक्टरला सांगा, कमला नेहरू पार्कला उतरायचंय. या भागात रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी असतात. चार जणींत एक टॅक्सी केली तर वाटून घेता येते. मीटर टाकायला सांगा.

कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे, मोठ्या बुटाच्या आकाराचं घर. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना तिथून हलवणं कठीण. पार्कातून खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा अर्धगोल दिसतो. रस्त्याच्या पलीकडे हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान. झाडं कापून केलेले प्राणी, फुलांचे वाफे, हिरवळ. लोक येतात, फोटो काढतात, जातात.

पण त्या हिरवळीखाली काय आहे ठाऊक आहे? पाण्याची टाकी. इंग्रजांच्या काळात बांधलेली भली मोठी टाकी, आणि तिच्यावर माती पसरून हा बाग केलेला. दक्षिण मुंबईच्या घराघरांत इथून पाणी जातं. शहराचं बहुतेक पाणी आपल्या डोंगरांतून येतं, म्हणजे तुम्ही भाकरी खायला बसाल तेव्हा तुमच्या पायाखाली कदाचित आपल्याच खोऱ्यातला पाऊस असेल.

हे काही मुंबईपुरतंच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचं प्रचंड शहर आहे. तिथलं पाणीही दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या कॅट्सकिल डोंगरातून येतं. शंभर वर्षांपूर्वी त्या जलाशयांसाठी तिथली गावं उठवली, शेतं बुडाली, स्मशानंसुद्धा हलवली. न्यूयॉर्कच्या मोठ्या बागेतही जुना पाणीसाठा आहे, त्याच्या कडेने पाहुणे फेऱ्या मारतात. मोठं शहर म्हटलं की त्याची तहान दूरच्या एखाद्या खेड्यात पोचलेली असतेच. फरक एवढाच, की पाहुण्यांना ते माहीत नसतं. आपल्याला आहे.

ऑगस्ट क्रांती मैदान ते सिद्धगड

मलबार हिल उतरलं की जवळच गवालिया टँक, म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदान. पूर्वी इथं गवळी तळ्यावर गुरं धुवायला आणत, त्यावरून हे नाव. ८ ऑगस्ट १९४२ ला इथं गांधीजींनी इंग्रजांना ‘चले जाव’ म्हणून सांगितलं. रात्रीतून सगळे पुढारी पकडले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पोलीस असताना झेंडा फडकवला तो एका बाईने, अरुणा असफ अली यांनी.

मुरबाडच्या मैत्रिणींनी या मैदानावर पाय ठेवताना सिद्धगड आठवावा. इथं पेटलेली ठिणगी आपल्या रानात पोचली. माथेरानचे भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचे, हे त्यांचं काम. सिद्धगडाच्या जंगलात ते लपले होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला आणि भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथंच हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात ते यासाठी. मुंबईतलं मैदान आणि मुरबाडचा डोंगर, दोन्ही एकाच लढ्याची टोकं आहेत. हे मुलांना दोन्ही ठिकाणी उभं करून सांगा.

तिथून चौपाटी चालत गाठता येते. वाळूत बसा, पाय सोडा. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचा अंत्यविधी याच वाळूत झाला, त्यांचा पुतळा तिथं आहे. लाटांत पुढे जाऊ नका. मग बसने परत व्हीटी. वेळ उरला तर दहा मिनिटांवर महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, जुनं नाव क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं. दारावरची दगडी चित्रं बघा. त्यात शेतात राबणारी माणसं कोरली आहेत. भाजी विकायला गेलेल्या कितीतरी जणी या दाराखालून गेल्या असतील, वर कोण आहे हे न बघता.

पुन्हा गेलात तर

मुलं बरोबर असतील तर भायखळ्याला उतरून राणीचा बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ पासूनचा बाग आहे. वाघ आहेत, आणि २०१७ पासून पेंग्विनही. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं.

देवदर्शन आणि चैत्यभूमी करायची तर दादर. प्रभादेवीचा सिद्धिविनायक १८०१ चा, आणि त्या देवळासाठी पैसा दिला तो देऊबाई पाटील या आगरी समाजातल्या बाईंनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मंगळवारी तिथं रांग फार मोठी असते, दुसरा वार धरा. चैत्यभूमीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. सहा डिसेंबरच्या आसपास तिथं सागर लोटतो, तो अभिवादनाचा दिवस. शांतपणे बसायचं असेल तर इतर दिवशी जा. आणि स्टेशनजवळचा फूलबाजार पहाटे बघण्यासारखा असतो. आपण लावलेल्या फुलाला कुठं काय भाव मिळतो हेही कळतं.

गटाने ठरवायच्या गोष्टी

बचतीच्या पैशाला हात लावू नका. सहलीचा डबा वेगळा ठेवा. महिन्याला २० रुपये प्रत्येकीने टाकले तर वर्षाला २४० होतात. आम्ही वर सांगितलेली पहिली फेरी जवळजवळ बिनतिकिटाची आहे. गाडी, बस आणि चहा, एवढाच खर्च. भाकरी-चटणी घरून न्या, पाण्याची बाटली न्या, वडापाव मात्र मुंबईचा खा.

दागिने घरी ठेवा. पैसे दोन ठिकाणी ठेवा. प्रत्येकीच्या बटव्यात घरच्या आणि गटाच्या दोन मोबाईल नंबरांची चिठ्ठी असू द्या. चार-चार जणींच्या तुकड्या करा, तुकडीला एक पुढारीण. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते सकाळीच ठरवा. रेल्वेत अडचण आली तर १३९, बाहेर कुठंही ११२ नंबर लावा. गाडीच्या दारात उभं राहायचं नाही, आणि एखादीची गाडी सुटली तर धावत चढायचं नाही. पुढच्या स्टेशनवर बाकीच्यांनी उतरून थांबायचं.

आणि घरचं? एक दिवस भात नवरा शिजवील, नाहीतर सासूबाई. सासूबाईंनाच घेऊन चला, हे त्याहून बरं. फिरायला जाणं म्हणजे उधळपट्टी, असं बाईच्या मनावर लहानपणापासून कोरलेलं असतं. पण जत्रेला जातो, लग्नाला जातो, दवाखान्याला जातो, तेव्हा दुसऱ्यांसाठी जातो. वर्षातला एक दिवस आपल्या डोळ्यांसाठी काढला तर कुणाचं काही जात नाही.

परत आल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक गोष्ट सांगावी, तिने काय पाहिलं ती. आणि पुढची महिला ग्रामसभा होईल तेव्हा पाणी योजनेचा विषय निघाला, की टाकीवरच्या त्या बागेत बसून आलेली बाई जरा वेगळ्या आवाजात बोलेल, असं आम्हाला वाटतं. आपल्या खोऱ्यातलं पाणी एवढ्या लांब, एवढ्या उंच टेकडीवर चढू शकतं, तर ते धरणाजवळच्या पाड्यावर का चढू शकत नाही, हा प्रश्न विचारायला तिला कुणी शिकवायला नको.

तेव्हा मैत्रिणींनो, तारीख ठरवा, डबा भरायला लागा. तुमच्या गटाने मुंबईत काय पाहिलं ते आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच तोंडून ऐकू. नमस्कार.